फाटकासमोरचा फोटो

माझ्या मोठ्या बहिणीच्या हातात चांगल्या कॅमेऱ्याचा फोन आला आणि माझ्या डोक्याचा ताप वाढला. फोन तिच्या लेकीने घेऊन दिला होता. लेक, म्हणजे माझी भाची, शिकून हैदराबादेत एका कंपनीत नोकरीला लागली आणि पहिल्याच वर्षात तिने आईसाठी हा फोन पाठवला. संध्याकाळी आईचा चेहरा बघत बोलता यावं, एवढाच तिचा हेतू. ताईला मात्र बोलण्यापेक्षा फोटोंचं वेड लागलं. फुटलेली कापसाची बोंडं, ज्वारीचं कणीस, म्हशीचं वगारू, ताटातली भाकर, दिसेल ते काढायचं आणि लगेच स्टेटसला टाकायचं. माझं आदिलाबादेत बांगड्या-टिकल्यांचं छोटं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी फोन उघडायची, तर ताईच्या स्टेटसच्या वरची रेघ तुटून तुटून नुसते ठिपके झालेले असायचे. सगळं बघत बसले असते तर दुकान बंद करावं लागलं असतं. आणि बघितलं नाही तर संध्याकाळी तिचा फोन ठरलेला, की पाहिलं का नाहीस.

कापसाची पहिली वेचणी उरकल्यावर तिने लेकीला भेटायला जायचं काढलं. भाऊजींना शेत सोडता येत नव्हतं, आणि ताई एकटी कधी निर्मलच्या पुढे गेलेली नव्हती. मी दुकानाच्या मालासाठी वर्षातून एकदोनदा हैदराबादला जाते, त्यामुळे तिला सांभाळून नेणं माझ्याकडे आलं. भाऊजी तिला बसस्टँडवर सोडायला आले तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाले, बाकी काही नाही, हिच्या फोनकडे लक्ष ठेवा. मला वाटलं, फोन चोरीला जाईल म्हणून म्हणत आहेत.

बस इचोड्याला पोचायच्या आतच मी वैतागले होते. ताईने खिडकीची जागा घेतली होती आणि फोन धरलेला हात कोपरापर्यंत बाहेर. समोरून मालाचे ट्रक अंगावर यावेत तसे येत होते. मी हात आत ओढायची, ती पुन्हा बाहेर काढायची. निर्मलच्या घाटात तिला माकडं काढायची होती, आणि सोनच्या पुलावर गोदावरी. पुलावर तर ती उभीच राहिली, मी तिला खाली बसवायला ओढत होते. मागच्या सीटवरच्या माणसाने पाण्यात टाकायला नाणं काढलं होतं, त्याचा धक्का तिच्या कोपराला लागला आणि फोन खिडकीच्या गजावर आपटून सुदैवाने आत पडला. मला वाटलं, आता तरी ठेवेल. तिने पदराने काच पुसली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "तुमी दोघं मधात नसते आले तर अख्खी नदी आली असती." ज्याचा धक्का लागला तो बिचारा क्षमा मागत होता आणि ही त्याला सरकून बसायला सांगत होती.

भाची बसस्टँडवर घ्यायला आली. ती तेव्हा ज्या मुलींच्या हॉस्टेलात राहायची तिथे वॉर्डनला विचारून तिने आमची दोन दिवस राहायची सोय केली होती. रिक्षातच तिने आईला सगळं समजावून सांगितलं. मला तिचं कौतुक वाटलं, इतक्या शांतपणे सांगत होती. फोनला तिने दोरी आणून ठेवली होती, ती मनगटात अडकवायची. रस्त्याच्या कडेला उभं राहून फोन हातात मिरवायचा नाही, गाडीवरून येऊन हिसकावून नेतात. फोटो काढताना मागे मागे सरकायचं नाही. कुणाही बाईचा, लेकराचा फोटो त्यांना विचारल्याशिवाय काढायचा नाही. आणि इथून काहीही स्टेटसला टाकायचं नाही, ते घरी गेल्यावर सावकाश टाकायचं. ताई प्रत्येक गोष्टीला हो म्हणत गेली. मी तिला पन्नास वर्षं ओळखते. इतक्या पटापट ती हो म्हणते तेव्हा तिने काही ऐकलेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चारमिनारला गेलो. भाचीने त्या दिवसाची सुट्टी काढली होती. चारमिनार एका फोटोत मावावा म्हणून ताई मागे सरकायला लागली. मागे फळांच्या गाड्या, स्कूटर, रिक्षा, मोत्यांच्या माळा विकणारे. ती बघत होती ती फक्त हातातल्या फोनमध्ये. मी तिच्या मागे हात पसरून चालत होते, लहान मूल पहिल्यांदा चालताना धरावं तशी. एका स्कूटरवाल्याने ब्रेक दाबून मलाच सुनावलं, की बाईला सांभाळता येत नाही का. ताईने तो फोटोही काढला, म्हणजे स्कूटरवाल्याचा, आणि तो आणखी चिडला. भाचीने त्याची समजूत काढली. मी पाणी प्यायले.

पुढे चुडी बाजारात मला दुकानासाठी माल बघायचा होता. तेवढी माझी म्हणून एक गोष्ट होती त्या सगळ्या दिवसात. लाखेच्या बांगड्यांचे नवे रंग आले होते, दुकानदार पेट्या उघडून दाखवत होता, आणि शेजारी कलकल सुरू झाली. एक तरुण बाई बुरख्याचा पडदा वर करून बांगड्या चढवून बघत होती, आणि ताईने आरशातला तिचा चेहरा धरून फोटो काढला होता. त्या बाईबरोबरची म्हातारी फार रागावली नव्हती, पण तिचं म्हणणं स्पष्ट होतं.

"अम्मा, पूछना था ना. फोटो नक्को हमारेकू."

मी हात जोडून माफी मागितली आणि ताईला फोटो पुसायला सांगितलं. तिला काढता येत होता, पुसता येत नव्हता. तिने कुठेतरी दाबलं आणि गोदावरी गेली. पुन्हा दाबलं, माकडं गेली. शेवटी भाचीने फोन हातात घेऊन त्या दोघींच्या देखत तो फोटो काढून टाकला. म्हातारीचं पुरं समाधान झालं, ताईचं मात्र नाही. मी काय वाईट केलं, बांगड्या चांगल्या दिसत होत्या म्हणून काढला, असं ती रस्ताभर म्हणत राहिली. माझा माल बघायचा राहिलाच.

संध्याकाळी हॉस्टेलवर परतलो. फाटकाशी आल्यावर ताई थांबली. फाटकावर मोठी पाटी आहे, हॉस्टेलचं नाव, गल्ली, फोन नंबर सगळं तेलुगूत आणि इंग्रजीत. ताईला लेकीचा फोटो त्या पाटीखाली पाहिजे होता. भाची नको म्हणाली. आत बाग आहे, तिथे काढ म्हणाली. ताईने आग्रह केला, भाचीने पुन्हा नको म्हटलं आणि आमच्या जेवणाचं सांगायला आत गेली. मी चपला काढत होते. भाची आत जाताना एकदा वळून आईकडे बघत हसली, आई अजून बाहेर का थांबली आहे म्हणून, आणि त्याच क्षणी ताईने फोटो घेतला. मी पाहिलं. बोललेसुद्धा, की ती नको म्हणाली ना. ताई म्हणाली, मी माझ्यापुरता काढून राह्यली, तू काऊन मधात पडते. दिवसभराच्या वणवणीने माझे पाय दुखत होते. मी सोडून दिलं.

सकाळी आम्ही तिघी खोलीत चहा घेत होतो. वॉचमन वर आला आणि तेलुगूत म्हणाला की गावाकडून तुमचं कुणी आलं आहे, फाटकाशी थांबलं आहे. आम्ही इथे आहोत हे भाऊजींशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. भाचीने नाव विचारलं. वॉचमनने सांगितलं, आणि तिने कप खाली ठेवला.

हा मुलगा कोण ते सांगायला हवं. ताईच्या शेजारच्या गावचा. भाची कॉलेजात असताना त्याच्या घरून मागणी आली होती. तिला शिकायचं होतं, घरच्यांनीही नाही म्हणून कळवलं. त्यानंतर तो तिला फोन करायला लागला. कॉलेजच्या रस्त्यावर दिसायला लागला. कधी वेडंवाकडं बोलला नाही, हात धरला नाही, म्हणून गावात तक्रार करायलाही काही नव्हतं. भाचीने नंबर बदलला, मग शहर बदललं. तोही पुढे हैदराबादेत कुठल्या गोदामात कामाला लागला हे आमच्या कानावर होतं, पण एवढ्या मोठ्या शहरात कोण कुणाला सापडतं, असं आम्ही धरून चाललो होतो.

भाची म्हणाली, मी खाली जाणार नाही. मी म्हटलं, मी जाते. ताई माझ्या मागे आली.

तो फाटकाबाहेर उभा होता, इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा डबा. मला पाहून वाकून नमस्कार केला. मी विचारलं, इथला पत्ता कुणी दिला.

"काई नाई जी मावशी," तो म्हणाला. "काकूंनं काल स्टेटस ठेवलं व्हतं. आमच्या मायनं मले पाठवलं. म्हटलं जवळच हाय, भेटून घ्यावं."

त्याने फोन पुढे केला. फाटक, पाटी, पाटीवरचा नंबर, आणि खाली वळून हसणारी भाची. त्यावर ताईने लिहिलं होतं, माझी लेक इथे राहते. त्याची आई ताईच्या बचत गटातली. इतकी साधी गोष्ट होती.

मी त्याला म्हटलं की तिला भेटायचं नाही, तू जा. तो हसून म्हणाला, तिलाच विचारा की. मी पुन्हा तेच सांगितलं. तो म्हणाला, थांबतो मी, घाई नाही. त्याचा आवाज एकदाही वर गेला नाही, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आरडाओरडा करणाऱ्याला उत्तर देता येतं. ह्याला काय द्यायचं? ताई माझ्या शेजारी उभी राहून त्याच्या फोनमधला आपणच काढलेला फोटो बघत होती.

एवढ्यात वॉर्डन खाली आली. वरंगलकडची बाई, केसांना तेल लावलेली, हातात झाडू तसाच. भाचीने तिला खोलीतूनच फोन केला होता. तिने आधी तेलुगूत आणि मग हिंदीत त्याला सांगितलं की मुलीने नाही म्हटलं आहे, आता इथे उभा राहिलास तर पोलिसांना बोलावीन. तो तिच्याशीही अदबीने बोलला. मिठाईचा डबा वॉचमनच्या खुर्चीवर ठेवला आणि गेला. कोपऱ्यावर जाऊन थांबला, मग दिसेनासा झाला.

खोलीत परत आल्यावर मला वाटलं होतं ताई रडेल. ती भांडायला उठली. म्हणजे आईने पोटच्या लेकीचा फोटो काढायचा नाही का, सगळं जग काढतं, त्याच्या मायला मी थोडंच पाठवलं होतं, तिनं पाहिलं तर माझा काय दोष. मी तिच्यावर इतकी ओरडले की शेजारच्या खोलीतली मुलगी दार उघडून बघून गेली. तुला चार वेळा सांगितलं होतं, मी म्हटलं, तू लहान आहेस का. भाची पलंगावर बसून आईच्या फोनला गुंडाळलेली दोरी सोडत होती. तिने आम्हा दोघींना थांबवलं.

"चूक त्याची आहे, आई. तुझी नाही," ती म्हणाली. "पण इथं राहायचं मला आहे."

ताई लेकीच्या हातातल्या फोनकडे बोट करून म्हणाली, काढून टाक. भाचीने स्टेटस काढून टाकलं. ते आता काढून उपयोग नव्हता हे तिघींनाही कळत होतं.

दुपारी आम्ही वॉर्डनला घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या पोलीस बाईंनी नीट ऐकून घेतलं, जुने फोन, कॉलेजचे दिवस, सगळं. त्यांनी त्याला आमच्यासमोरच फोन लावला आणि तेलुगूत बरंच काही सुनावलं. तो पुन्हा त्या फाटकाशी आला नाही. पण त्या बाईंनी फोन ठेवल्यावर विचारलं की फोटो कुणी टाकला होता, तेव्हा ताईने माझ्याकडे पाहिलं, आणि मग सगळेच माझ्याकडे बघायला लागले. पुढची सूचना त्यांनी मलाच दिली, की पाटी, गल्ली, घराचा नंबर दिसेल असा मुलीचा फोटो टाकू नये, आणि टाकायचाच तर ती जागा सोडल्यावर. मी मान हलवत राहिले. भाचीने काही सांगायला तोंड उघडलं, मी तिला खुणेने नको म्हटलं. मला फक्त घरी जायचं होतं.

परतीच्या बसमध्ये ताईने एकही फोटो काढला नाही. फोन पिशवीत तळाशी, साडीत गुंडाळून ठेवला. इचोड्याला बस चहासाठी थांबली तेव्हा आम्ही ढाब्याच्या बाकावर बसलो आणि तिने स्वतःहून विषय काढला.

"गावात सारेच विचारतात," ती म्हणाली. "पोरगी एकटी कुठं राह्यते, कोनासंग राह्यते. तोंडावर नाई विचारत, मागून बोलतात. म्हटलं, एकदाचं दाखवून द्यावं. पोरींचंच हाय, फाटक हाय, राखनदार हाय. चांगल्या जागी राह्यते माही पोर."

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी आदिलाबादेत राहते, माझ्या दुकानात येणाऱ्या बायका असलं काही मला ऐकवत नाहीत. ताईला बचत गटात, विहिरीवर, लग्नाच्या पंगतीत बसून ते रोज गिळावं लागत असणार. मला तिचं वाईट वाटलं. राग मात्र गेला नाही. तेच जर तिने त्या संध्याकाळी फाटकाशीच लेकीला सांगितलं असतं, तर भाचीने काहीतरी मार्ग काढला असता. खोलीतला फोटो, बागेतला फोटो, वॉर्डनबरोबरचा फोटो, पाहिजे ते. पण विचारायचं नाही आणि करून मोकळं व्हायचं, ही तिची लहानपणापासूनची रीत. मी तिला तसं म्हटलं. ती म्हणाली, चहा निवून राह्यला.

भाचीने पुढच्याच महिन्यात हॉस्टेल बदललं. जुनं हॉस्टेल तिच्या ऑफिसपासून चालत जाण्याइतकं जवळ होतं, जेवण बरं होतं, वॉर्डन तिला जीव लावायची. नवं लांब आहे, सकाळी दोन बस बदलाव्या लागतात. कोपऱ्यावर कुणी उभं दिसलं की ती अजून दुसऱ्या गल्लीने वळते, असं तिने मला सांगितलं, आईला सांगू नको म्हणाली. त्या मुलाचं गोदामातलं काम चालूच आहे. बदलायचं ते तिनेच, ह्याचा संताप मला अजून येतो आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही, म्हणून बहुतेक वेळा ताईवर निघतो.

ह्या वर्षी आम्ही पुन्हा गेलो. निघायच्या आदल्या दिवशी ताईने फोनवर जाहीर केलं की ह्या खेपेला ती फोन घरीच ठेवणार आहे, म्हणजे कुणाला बोलायला जागा नको. मी म्हटलं, अगं, फोन आण, फक्त फोटो टाकू नको. नाही म्हणजे नाही. भाऊजींच्या हातात फोन देऊन ती रिकाम्या हाताने बसमध्ये चढली.

हैदराबादेत उतरलो. भाची यायला उशीर होता. मी ताईला एका खांबाशी सामान घेऊन बसवलं, इथून हलू नको म्हणून बजावलं आणि बाथरूमला गेले. परत आले तर खांबाशी ताई नाही, सामानही नाही. फोन लावायला हात गेला आणि आठवलं की फोन गावी भाऊजींकडे आहे. मी सगळे फलाट पालथे घातले. चौकशीच्या खिडकीवर जाऊन तिचं नाव पुकारायला लावलं. पुकारलं तेलुगूत, ताईला कळणार काय. भाची आली, तिच्या तोंडचं पाणी पळालं, ती एका बाजूला धावली, मी दुसऱ्या.

ताई सापडली ती शेवटच्या फलाटाच्या टोकाला, चहाच्या टपरीशेजारी. मुधोळकडच्या एका कुटुंबाशी तिची गाठ पडली होती. नवरा-बायको आणि त्यांची सून. मराठी बोलणं कानावर आलं म्हणून ती सामान उचलून तिकडे गेली होती. सून तिला चिवडा वाढत होती. मला धापा टाकत येताना पाहून ताईने त्यांना ओळख करून दिली, की ही माझी लहान बहीण, हिला जरा लवकर राग येतो.

मी काही बोलायच्या आत ती बाई माझ्याकडे वळून प्रेमाने म्हणाली की तुमची भाची हुशार आहे, सगळं ऐकलं आम्ही. कुठल्या कंपनीत आहे, कितव्या मजल्यावर बसते, आणि हॉस्टेल कुठलं तेही. त्यांचा पुतण्या त्याच भागात राहतो, नोकरी चांगली आहे, अजून लग्नाचं जमलेलं नाही.

मागून भाची येऊन पोचली होती. तिने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पिशव्या उचलल्या आणि रिक्षाकडे चालायला लागले.